गुण्याखालचा उजेड

बैठक अकराची होती, मी साडेनवालाच पोहोचलो. दरवेळी असंच करतो. आयटीआयच्या फाटकातून आत शिरलं की डावीकडे ऑफिस आणि उजवीकडे वर्कशॉपची लांबच लांब शेड. पाय आपोआप उजवीकडे वळतात. १९८९ ते ९१ ही दोन वर्षं मी याच शेडमध्ये टर्नरचं, म्हणजे लेथवर धातू कातण्याचं, काम शिकलो. आता कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं) आणि कामाला नऊ माणसं. गेली काही वर्षं मी या संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर सदस्य म्हणून बसतो.

त्या दिवशी फिटरच्या शॉपमध्ये पहिल्या वर्षाची मुलं फाइलिंग करत होती. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एमएस फ्लॅटचा, म्हणजे मऊ पोलादाच्या पट्टीचा, बोटभर जाडीचा तुकडा व्हाइसमध्ये (बाकाला बसवलेल्या शिकंजात) पकडायचा आणि कानशीने घासत घासत त्याची एक बाजू सपाट करायची. मग शेजारची बाजू तिच्याशी काटकोनात आणायची. ऐकायला अर्ध्या तासाचं काम वाटतं, पण त्यात आठवडे जातात. हात पुढे जाताना कानस डुलते, कडा उतरतात आणि मधला भाग फुगलेला राहतो. सर तुकडा हातात घेतात, त्याला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावतात आणि खिडकीकडे तोंड करून डोळ्यासमोर धरतात. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत व्हाइसमध्ये जातो. रेघ कुठे जाड आहे, कुठे बारीक आहे, यावरून पुढचा हात कुठे मारायचा ते कळतं.

एक मुलगा फ्लॅट कापत होता. ब्लेडचा कागद त्याच्या खिशात होता, ब्लेड हॅकसॉला (लोखंड कापायच्या करवतीला) लावलेलं. मी विचारलं, "ब्लेड स्टोअरचं का?"

"न्हाई सर, माझंच हाय. येताना हार्डवेअरच्या दुकानातनं आणलं. दोघात एक."

निदेशक सरांनी माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मागणी जूनमध्येच दिलीय."

सप्टेंबर संपत आला होता.

माझ्या शॉपमध्ये इन्सर्ट (यंत्राच्या हत्याराचं बदलायचं पातं) संपला तर पोरगं मोटरसायकलला किक मारतं आणि पाऊण तासात इन्सर्ट आणून कामाला लागतं. इथे ब्लेडच्या पाकिटासाठी शिल्प निदेशकाने मागणी लिहायची, गट निदेशकाने ती तपासायची, भांडारपालाने साठा बघून शेरा मारायचा आणि मग प्राचार्यांनी अनुदान शिल्लक आहे का ते बघायचं. ते बहुधा नसतं. आमच्याकडे ते येतं फेब्रुवारीत, कधी मार्चमध्ये, आणि ३१ मार्चच्या आत खर्ची पडलं नाही तर परत जातं. मग शेवटच्या आठवड्यात एकदम माल येतो. ड्रिल बिटं हवी तितकी आणि कानशी तीनच, असं होतं. तोवर पहिल्या वर्षाच्या मुलांचं फाइलिंग उरकलेलं असतं. मधल्या काळात सर स्वतःच्या पगारातून ब्लेडं आणतात, ओळखीच्या कारखान्यातून राउंड बारचे तुकडे मागून आणतात. मीही दोन पोती पाठवली आहेत. कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. त्या शेडमध्ये मी बघितलेली बहुतेक माणसं मनापासून शिकवणारी आहेत. त्यांच्या हातात काय ठेवलं आहे आणि काय ठेवलेलं नाही, हा माझा विषय आहे.

मी शिकत होतो तेव्हा एकदा आमच्या सरांना विचारलं होतं, "सर, ही शाळा नक्की कुणाची?" ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आलेल्या मुलाचं कुतूहल होतं. तिथे गावात विचारलं तर शाळा झेडपीची असं कुणीही सांगायचं. सर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "अभ्यासक्रम दिल्लीचा, पगार मुंबईचा, भिंती बांधकाम खात्याच्या, वीज बोर्डाची. मशीन तेवढं आपलं, चालू असलं तर." मला ते तेव्हा नीट कळलं नाही. समितीवर आल्यावर कळलं.

ही गुंतागुंत एका दिवसात झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेतून मोकळ्या झालेल्या माणसांना कामधंद्याला लावण्यासाठी १९४५ मध्ये केंद्र सरकारने एक महासंचालनालय काढलं. त्याच धाग्यातून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आयटीआय उभ्या राहू लागल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे ज्या दिवशी देशात भाषेच्या पायावर राज्यांची पुनर्रचना झाली त्याच दिवशी, या संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. खर्चाची जबाबदारी पूर्णपणे राज्यांकडे यायला १ एप्रिल १९६९ उजाडलं. अभ्यासक्रम, परीक्षेचे नियम, प्रमाणपत्र मात्र दिल्लीकडेच राहिलं. महाराष्ट्रात १९८४ मध्ये तंत्रशिक्षण संचालनालयापासून वेगळं काढून व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय झालं. २०१५ मध्ये केंद्रातल्या महासंचालनालयाचा प्रशिक्षणाचा भाग श्रम मंत्रालयातून नव्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेला. २०१८ च्या अखेरीस व्यवसाय शिक्षणासाठी आणखी एक राष्ट्रीय परिषद अधिसूचित झाली. यातला प्रत्येक बदल त्या त्या वेळी विचार करूनच केलेला असणार. पण शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने बघितलं तर दरवेळी वरचा एक मजला वाढला आणि खालचा जिना आहे तेवढाच अरुंद राहिला.

एक उदाहरण मला फार लागून राहिलं आहे. ऑगस्ट २०१३ पासून आयटीआयमध्ये सेमिस्टर पद्धत आली. दर सहा महिन्यांनी परीक्षा, नवे फॉर्म, नव्या उत्तरपत्रिका. दोन वर्षांच्या ट्रेडला चार परीक्षा म्हटल्यावर शिकवण्याचे दिवस आटले. निकालाची आणि प्रमाणपत्राची वाट बघत आमच्या भागातली कितीतरी मुलं कंपनीच्या गेटवरून परत आली. २०१८ च्या प्रवेशापासून पुन्हा वार्षिक पद्धत आणली गेली. मधल्या पाच वर्षांत किती तुकड्या त्यातून गेल्या! आधी चार तालुक्यांतल्या चार टर्नर निदेशकांना बसवून विचारलं असतं, तर त्यांनी अडचण एका दुपारी सांगितली असती. आमच्या सरांनी तर पहिल्याच वर्षी सांगितली होती. पण ती कुठे सांगायची, हे त्यांना माहीत नव्हतं.

आणि विद्यावेतन. मी शिकत होतो तेव्हा पात्र मुलांना महिना ४० रुपये मिळायचे. एसटीच्या पासाला हातभार लागायचा, कधी सवलतीचा भजीपाव. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते ५०० रुपये केले. त्याआधी काय होते? ४० रुपये. मधल्या काळात माझी मुलं शिकून कामाला लागली. हा आकडा वाढवा असं म्हणायला त्या मुलांच्या वतीने कुठल्याच टेबलाशी कुणी बसलेलं नव्हतं, याखेरीज मला दुसरं कारण सापडत नाही.

म्हणून २००७-०८ ची योजना आली तेव्हा माझ्यासारख्या लोकांना खरंच आनंद झाला होता. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआय सुधारायच्या होत्या. प्रत्येक संस्थेची व्यवस्थापन समिती सोसायटी म्हणून नोंदवायची, अध्यक्ष उद्योगातला, त्याने सुचवलेले चार स्थानिक उद्योजक, राज्य सरकारने नेमलेले पाच सदस्य आणि प्राचार्य पदसिद्ध सचिव. या समितीच्या नावावर केंद्राकडून अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज थेट. फेड तीस वर्षांत, त्यातली पहिली दहा वर्षं हप्ता नाही. वीस टक्क्यांपर्यंतच्या जागांवर प्रवेश कसा द्यायचा हे समितीने ठरवायचं. कागदावर बघितलं तर हा सरळसरळ कारभाराचा सुधार होता. पैसा आणि निर्णय दोन्ही संस्थेच्या दारात आणून ठेवले होते.

मी काही वर्षांनी समितीत आलो तेव्हा त्या रकमेचा मोठा भाग बँकेत मुदत ठेवीत होता. अनेक ठिकाणी तसंच झालं. बाहेरून बघणारा म्हणेल, पैसा असून खर्च केला नाही, म्हणजे आळस. आत बसल्यावर वेगळं दिसलं. हे कर्ज आहे, फेडायचं आहे. अध्यक्ष बदलेल, प्राचार्यांची बदली होईल, सदस्य आपापल्या धंद्याला लागतील, मग हप्ता कोण भरणार? ठेव ठेवली तर व्याजातून हप्ता निघतो, कुणाच्या अंगावर काही येत नाही. शिवाय खर्च करायचा तर संस्था विकास आराखड्यात ती बाब हवी. नसेल तर आराखडा दुरुस्त करून वर मंजुरीला पाठवायचा. म्हणजे अधिकार दारात आला, पण उंबरठ्याच्या आत यायला त्याला परत वरचीच परवानगी लागत होती.

आमच्याकडच्या सीएनसीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. यंत्र आलं, नारळ फुटला, फोटो निघाला. मग लक्षात आलं की शेडचा मंजूर वीजभार पुरत नाही. यंत्र घेतलं होतं यंत्रसामग्रीच्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या त्या खात्यातून. केबल आणि पॅनेलचं काम बांधकामाच्या शीर्षात बसत होतं आणि भार वाढवण्याची अनामत कार्यालयीन खर्चात. तीन शीर्षं, तीन पत्रव्यवहार. ते यंत्र चौदा महिने प्लॅस्टिकखाली उभं होतं. मी दर बैठकीला जाऊन प्लॅस्टिक उचलून बघायचो. वॉरंटी त्यातच संपली. त्या काळात टर्नरची आणि मशिनिस्टची एक अख्खी तुकडी सीएनसीला हात न लावता पास होऊन गेली. त्यातला एक माझ्याकडे कामाला आला. पॅनेलसमोर उभं केलं तर तो नुसता बघत राहिला. मला म्हणाला, "मालक, मला मेन्यू पाठ आहेत, वहीत लिहून घेतले होते." त्याची ती वही मी बघितली. पेन्सिलीने स्क्रीनचं चित्र काढून खाली एकेक बटणाचं नाव लिहिलेलं.

कोंडी फुटली ती एका प्राचार्यांमुळे. ते आमच्याकडे चार वर्षं टिकले, ही त्यांची पहिली गोष्ट. प्रभारी म्हणून आठवड्यातून दोन दिवस येणारे आम्ही पुष्कळ बघितले होते. दोन-दोन संस्थांचा कार्यभार सांभाळणाऱ्या माणसाने तरी काय काय बघावं? हे मात्र पूर्णवेळ आमचे होते. त्यांनी तिन्ही कागद स्वतः हातात धरून तीन कार्यालयांत नेले आणि वीज जोडणी आल्याशिवाय यंत्र मागवायचं नाही असा नियम समितीत ठराव करून घातला. साधा नियम. पण तो घालायला त्या शेडमध्ये चौदा महिने काय झालं ते आठवणारा माणूस खुर्चीत असावा लागतो. त्यांची बदली झाली त्या दिवशी फिटरच्या मुलांनी त्यांना एमएसचा पेपरवेट करून दिला. सहाही बाजू काटकोनात, आरशासारख्या.

त्यांच्याच काळातली आणखी एक सकाळ. बैठकीआधी व्हरांड्यात एक गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते. इलेक्ट्रिशियनच्या तुकडीत त्यांची मुलगी. म्हणाले, "साहेब, पोरगी दुपारच्या पाळीला हाय. सुट्टी सहाला, आणि आमच्या गावाची शेवटची एसटी साडेपाचला. ती रोज अर्धा तास आधी निघते. आता म्हणत्यात हजेरी भरना, परीक्षेला बसता येणार न्हाई." ऐंशी टक्के हजेरीचा नियम आहेच. अध्यक्षांनी त्यांना आत बोलावलं. प्राचार्यांनी दोन निदेशकांशी बोलून ती तुकडी सकाळच्या पाळीत घेतली. त्याला ना अनुदान लागलं ना मंजुरी. दुसऱ्या सोमवारपासून बदल झाला. नंतर समजलं की त्या रस्त्यावरच्या आणखी तीन मुली याच कारणासाठी शाळा सोडायच्या बेतात होत्या.

घरी येताना मी विचार करत होतो, हे गृहस्थ व्हरांड्यात का उभे होते? आतल्या खुर्चीत का नव्हते? समितीच्या रचनेत एक विद्यार्थी प्रतिनिधी आहे, पण तो साहेबांसमोर काय बोलणार, अठरा वर्षांचं पोर. पालक कुठेच नाहीत. याउलट शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत असं सांगितलं आहे आणि समितीतली निम्मी माणसं स्त्रिया हव्यात असंही. सगळीकडे ते नीट चालतं असं नाही, पण झेडपीच्या शाळेत आई उठून "शौचालयाला कडी नाही" असं सांगू शकते. तीच मुलगी दहावी होऊन आयटीआयला आली की तिच्या घरच्यांचं बोलण्याचं ठिकाण संपतं. महिलांसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. त्या भरायच्या असतील तर एसटीचं वेळापत्रक आणि कडी हे दोन्ही विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर यायला हवेत.

उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून कोण येतो, हाही प्रश्न आहे. मोठी कंपनी अध्यक्ष झाली की सगळ्यांना बरं वाटतं. त्यांच्याकडून चांगली यंत्रं येतात, चांगले अधिकारी येतात, ते मी नाकारत नाही. पण आमची मुलं जातात कुठे? शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या दहा-पंधरा माणसांच्या शॉपमध्ये, फाउंड्रीत, गॅरेजात, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. आमचं उद्यमनगर ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांवर उभं राहिलं, म्हादबा मेस्त्रींसारख्या हाताने यंत्र उघडून शिकलेल्या माणसांच्या नावावर. इथला मालक स्वतः कामगार असतो. त्याला बैठकीला यायचं तर लेथ बंद ठेवून यावं लागतं. म्हणून तो येत नाही आणि त्याला काय हवंय ते कुणाला कळत नाही. बैठक संध्याकाळी सातला ठेवा, मी दहाजण घेऊन येतो, असं मी तीनदा सांगितलं. एकदा तशी ठेवली, आणि ती आजवरची सगळ्यात कामाची बैठक झाली. एका रिवाइंडिंगवाल्या मामांनी सांगितलं, "तुमच्या पोरांना मोटार जळाली ते कळतंय, का जळाली ते सांगता येत न्हाई." इलेक्ट्रिशियनच्या सरांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

आता केंद्राची नवी योजना आली आहे. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ऑक्टोबरमध्ये पीएम-सेतू या नावाने ती सुरू झाली. एक हजार सरकारी आयटीआय, त्यातल्या दोनशे मध्यवर्ती आणि आठशे त्यांना जोडलेल्या. एकूण ६०,००० कोटी रुपये, त्यात केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,०००. कारभार उद्योगांच्या पुढाकाराने चालणाऱ्या स्वतंत्र संस्थांकडे जाणार. मी या योजनेकडे आशेने बघतो. एवढा पैसा या मुलांसाठी याआधी कुणी काढला नव्हता. पण माझ्या मनातली भीतीही सांगितली पाहिजे. मध्यवर्ती संस्था शहरात, जोडलेली तालुक्याला. निर्णय मध्यवर्ती ठिकाणच्या बोर्डात. मग आमच्या शेडला आणखी एक वरचा मजला मिळाला, असं होऊ नये. पहिल्या योजनेत पैसा समितीच्या नावावर आला तरी तो खर्चायचं धाडस तिच्यात का आलं नाही, हे नीट तपासूनच पुढे जायला हवं.

धाडस येतं ते माणूस टिकला तर आणि त्याच्या पाठीशी ऐकणारा कुणी असेल तर. ओडिशाने २०१६ मध्ये सुब्रतो बागची यांना कौशल्य विकास प्राधिकरणाचं अध्यक्ष केलं. माइंडट्री कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेला हा माणूस, मंत्र्याच्या दर्जाचं पद आणि मानधन एक रुपया. त्यांनी आधी तीस दिवसांत तीस जिल्हे पालथे घातले, आयटीआयमध्ये जाऊन मुलांशी, शिक्षकांशी बोलले. नंतर बेरहामपूरच्या सरकारी आयटीआयचं नाव देशभर झालं. भंगारातून मुलांनी उभारलेल्या शिल्पांची बाग तिथे आहे. मला त्या बागेपेक्षा ते तीस दिवस महत्त्वाचे वाटतात.

आपल्याकडे तर पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं शास्त्रज्ञाचं काम सोडून १९८३ मध्ये पुण्याजवळच्या या कोरडवाहू गावात आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम शाळांमध्ये गेला. मुलांनी शिकताना गावाचं खरं काम करायचं, वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, रोपवाटिका, आणि ज्याचं काम त्याने सामानाचे पैसे द्यायचे. शिकवायला गावातलेच जाणकार कारागीर. गेट वाकडं झालं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येतं. त्या मुलाला तपासणी अधिकाऱ्याची वाट बघावी लागत नाही. आयटीआयमध्ये वर्षानुवर्षं जॉब (सरावाचे तुकडे) करून भंगारात टाकतो आपण, किलोच्या भावाने. त्याऐवजी बाहेरची कामं घ्यायची आणि त्यातून कच्चा माल आणायचा, एवढी मोकळीक जरी प्राचार्यांना मिळाली तरी जूनची मागणी सप्टेंबरपर्यंत पडून राहणार नाही.

जर्मनीतला एक बारकावाही मला आवडतो. तिथल्या १९६९ च्या कायद्याने शिकाऊ मुलाची अंतिम परीक्षा घेणाऱ्या मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने बसतात, सोबत व्यवसाय शाळेचा शिक्षक. मुलगा काम करायला लायक झाला की नाही, हे त्याच्याबरोबर उद्या काम करणारे ठरवतात. आमच्याकडे कामगाराला या विषयात कुणी विचारतच नाही. माझ्या शॉपमधला सगळ्यात जुना टर्नर, तीस वर्षांचा अनुभव असलेला, नवीन पोरगं टूल कसं ग्राइंड करतो ते बघून दोन मिनिटांत त्याची पातळी सांगतो.

अधिकार खाली आणण्यात धोका नाही, असं मी म्हणणार नाही. समितीची खुर्ची मानाची होते, खरेदी पाहुण्यांच्या दुकानातून होते, अध्यक्षपदासाठी गावातलं राजकारण शिरतं. हे मी इतर संस्थांमध्ये जवळून पाहिलं आहे. नुसती मोकळीक दिली की काय होतं तेही दिसलं. मधल्या काळात देशात खासगी आयटीआय हजारोंनी वाढल्या आणि दोन खोल्यांतल्या कितीतरी संस्थांना मान्यता कशी मिळाली, यावर २०१८ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कडक शब्दांत लिहिलं. म्हणून माझं म्हणणं असं की अधिकार द्या आणि हिशेब उघडा ठेवा. ग्रामसभेसारखी वर्षातून एक सभा त्या शेडमध्येच घ्या, पालक, माजी विद्यार्थी, शॉपवाले सगळ्यांना बोलावून. कच्च्या मालावर किती खर्च झाला, निदेशकांच्या किती जागा रिकाम्या, किती जण तासिकेवर, कुठलं यंत्र कधीपासून बंद, हे फाटकाजवळच्या फळ्यावर लिहा. राज्याने २०२२ मध्ये शिल्प निदेशकांच्या १,४५७ जागांची जाहिरात काढली, ते फार चांगलं झालं. पण एखाद्या शॉपला निदेशक नसतो, त्या वर्षीची ती तुकडी पुन्हा येत नाही.

आणि पास झालेलं मूल कुठे गेलं, हे विचारा. आमच्या चार वर्षांच्या प्राचार्यांनी हे एकदा केलं. टर्नरच्या एका तुकडीतल्या वीसही मुलांना आम्ही फोन लावले. काही नंबर बदललेले, मग एसटी स्टँडवर, गावातल्या दुकानात विचारून शोधले. कुणी लेथवर होता, कुणी पुण्याला कंपनीत कंत्राटी, एकाने गावात स्वतःची वेल्डिंगची टपरी टाकलेली, दोघं पार्सल पोचवत होते. त्यातला एक फोनवर म्हणाला, "सर, तुम्ही का फोन केला? काही कागद राहिलाय का?" शाळेने सहज चौकशीला फोन करावा, हे त्याच्या कल्पनेतच नव्हतं.

बैठकीत त्या दिवशी मी ब्लेडचा विषय काढला. ठेवीच्या व्याजातून ठरावीक रक्कम दरमहा प्राचार्यांच्या हाती द्यावी, निदेशकांनी लागेल तसं साहित्य आणावं, पावत्या पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवाव्यात. चर्चा लांबली. एका सदस्याने विचारलं, आराखड्यात ही बाब बसते का? नव्या प्राचार्यांनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, "ठराव करू. वर पाठवते, आणि मंजुरी येईपर्यंत पाठपुरावा मी स्वतः करते." ठराव झाला. सूचक म्हणून मी सही केली, अनुमोदनाला रिवाइंडिंगवाले मामा. ते आता निमंत्रित सदस्य आहेत.

निघताना परत शेडकडे गेलो. तो मुलगा अजून व्हाइसवर होता. सर दुसऱ्या बाकावर गुंतले होते, म्हणून त्याने तुकडा माझ्यापुढे धरला. मी रुमालाने पुसला, गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला. एका बाजूला पूर्ण अंधार, बरोबर बसलेला. दुसऱ्या टोकाला केसाएवढी उजेडाची रेघ.

"इथं?" त्याने बोट ठेवून विचारलं.

"थोडं अलीकडे."

त्याने तुकडा व्हाइसमध्ये उलटा धरला, हँडल आवळलं, कानशीवर खडू घासला आणि पाय मागेपुढे करून उभा राहिला.